तळहातावरच्या काळ्या रेषा

मे महिन्यातली दुपार, कॅज्युअल्टी तुडुंब. शिवडीच्या कोळीवाड्यातल्या मावशींना लेकीने टॅक्सीतून आणलं. दोन दिवस उलट्या, उभं राहिलं की चक्कर, बीपी ७०/४०. ऊन बाधलं असणार, असंच सगळ्यांना वाटलं. पण दोन बाटल्या सलाइन जाऊनही बीपी जागचं हलेना. साखर ५८, म्हणजे फारच खाली.

दुसरी शीर शोधायला सिस्टरने हात उलटा केला आणि मी तिथेच थबकलो. तळहाताच्या रेषा शाई भरल्यासारख्या काळ्या. हिरड्यांवरही काळपट डाग.

"आई आधीपासून अशीच सावळी?"

"नाही हो डॉक्टर, वर्षभरात काळवंडली. बाजारात उन्हात बसते ना!"

उन्हाने हिरड्या काळ्या होत नाहीत. खाण्याचं विचारलं तर लेक म्हणाली, "जेवण सुटलंय, पण मीठ नुसतं चाटत बसते."

मग शंका उरली नाही. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या, जेमतेम चार-पाच ग्रॅमच्या अधिवृक्क ग्रंथी बंद पडल्या होत्या. त्यांचं अल्डोस्टेरॉन हे हार्मोन नसलं की लघवीवाटे मीठ वाहून जातं, मागोमाग पाणी. शरीर मीठ मागतं ते उगाच नाही. त्यांचंच दुसरं हार्मोन कॉर्टिसोल घटलं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी त्यांना हाकणारं एसीटीएच हे हार्मोन वाढवत राहते, आणि तेच त्वचेतलं रंगद्रव्यही वाढवतं. इंग्लंडच्या डॉक्टर थॉमस ॲडिसनने १८५५ मध्ये हे वर्णन छापलं, तेव्हा हार्मोन हा शब्दसुद्धा नव्हता!

कॉर्टिसोलसाठी रक्त काढलं आणि रिपोर्टची वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधरूपातलं कॉर्टिसोलच, १०० मिलिग्रॅम शिरेतून दिलं. इथे थांबण्यात शहाणपण नसतं. रात्री बीपी १००/६० आणि मावशी चहा मागत होत्या. रिपोर्ट आले: सोडियम ११६, खूप कमी; पोटॅशियम ६.१, जास्त; कॉर्टिसोल जवळपास नाहीच. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही ग्रंथी सुजलेल्या, थुंकीत टीबी. आपल्याकडे ॲडिसनच्या आजारामागे टीबी अजूनही निघतो.

खरी कसरत पुढे होती. टीबीचं औषध रिफॅम्पिसिन यकृताला कॉर्टिसोल भराभर मोडायला लावतं, म्हणून हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळीचा डोस वाढवावा लागला. ताप आला तर डोस दुप्पट, उलटी झाली तर थेट हॉस्पिटल, हे लेकीकडून तीनदा वदवून घेतलं. मावशींना वेगळीच काळजी.

"चतुर्थीला गोळी चालंल ना?"

"चालेल नाही, घ्यायचीच. उपाशी पोटी मात्र नाही."

"मंग उपास सोडू?"

"सोडा."

त्या लेकीकडे बघून हसल्या. सोडणार नव्हत्या, हे आम्हा तिघांनाही कळलं. मी साबुदाण्याची खिचडी खाऊन गोळी घ्या, असं कार्डावर लिहून दिलं.