चार नंबरचं पिवळं कार्ड

रविवार, रात्री साडेदहा

"म्हाका कित्याक?" मला का, एवढंच तो म्हणाला. आजच्या फुटबॉल सामन्यात रेफरी मी होतो. चार नंबरची जर्सी, रुंद जबडा, जाड भुवया, मान जवळजवळ नाहीच. कॉर्नरच्या वेळी गोलसमोर गर्दी झाली, माझ्या पाठीमागे धप्पकन आवाज आला. वळून पाहतो तर हा उभा आणि समोरच्या संघाचा किडकिडीत विंगर, म्हणजे कडेने धावणारा खेळाडू, शेताच्या ढेकळांत आडवा. शिट्टी, खिसा, कार्ड. तीन सेकंदही लागले नसतील.

संध्याकाळी मुलीने मोबाइलवर काढलेला व्हिडिओ दाखवला. कोपर मारलं होतं विंगरने. चार नंबर बरगडी धरून नुसता वळला होता आणि विंगर आपणहून लोळला होता. मी तो व्हिडिओ सहा वेळा पाहिला. खेळ पुन्हा सुरू झाला की रेफरीला निर्णय फिरवता येत नाही, हा नियम एरवी मीच पोरांना ऐकवतो.

मी कोपर पाहिलं नव्हतं. पाहिला तो चेहरा.

आणि हे माझ्याकडून व्हावं! आमच्या गावच्या उत्सवातल्या नाटकात गेली बावीस वर्षं मला दुःशासन नाहीतर कीचक. धर्मराजासाठी कुणी विचारलं नाही. रंगवणारे मामा म्हणायचे, "तुका चड रंग नाका रे, देवानं रंगवूनच धाडला." तरी काजळाची कांडी घेऊन ते एक गोष्ट न चुकता करायचे: माझ्या भुवया होत्या त्याहून बोटभर खाली आणि जाड काढायचे. मग सांगायचे, "आता मान खाली घाल आणि वर बघ." तेवढ्यावर पहिल्या रांगेतली पोरं आईच्या पदरात तोंड लपवायची.

मामांना ठाऊक नव्हतं, पण ते एक गुणोत्तरच बदलत होते. मानसशास्त्रात चेहऱ्याचं हे माप बरंच गाजलं आहे: दोन्ही गालांच्या हाडांमधली रुंदी भागिले वरच्या ओठापासून भुवयांपर्यंतची उंची. २००८ साली कॅनडातल्या कॅरे आणि मॅककॉर्मिक या दोघांनी आइस हॉकीच्या खेळाडूंचे फोटो मोजले. ज्यांचा आकडा मोठा, त्यांच्या खात्यावर दर सामन्यामागे शिक्षेची मिनिटं (चुकीबद्दल खेळाबाहेर बसायचा वेळ) जास्त, असं त्यांना दिसलं. पुढे २०१२ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगमधले जवळपास सगळेच खेळाडू घेतले, तेव्हा चेहऱ्याचा संबंध उरला नाही. मारामारीशी जुळलं ते वजन. २०१७ मध्ये १ लाख ३७ हजारांहून जास्त लोकांचे चेहरे त्यांनी स्वतःच्या स्वभावाबद्दल दिलेल्या उत्तरांशी ताडून पाहिले गेले. तिथेही हाताला फारसं काही लागलं नाही. इतर काही अभ्यासांत पुरुषांच्या बाबतीत थोडा संबंध दिसतो, पण तो इतका बारीक की एका माणसाकडे बघून त्याच्याबद्दल काही ठरवावं अशी त्याची ऐपत नाही.

मला मात्र आज वेगळाच काटा टोचतोय. शिक्षेची मिनिटं देतं कोण? रेफरीच ना! मग त्या आकड्यात खेळाडूचा राग किती आणि शिट्टीवाल्याचे डोळे किती? कॅरे आणि मॅककॉर्मिक यांनीच २००९ मध्ये आणखी एकीला सोबत घेऊन लोकांना अनोळखी चेहरे दाखवले, काही तर सेकंदाच्या पंचविसाव्या भागाइतकेच, आणि हा किती भांडखोर असेल ते विचारलं. लोकांचे अंदाज त्या गुणोत्तरामागोमाग चालले. म्हणजे स्वभाव चेहऱ्यावर असो वा नसो, बघणारा तो वाचून मोकळा होतो. मला तर अख्खे तीन सेकंद मिळाले होते.

जेवणानंतर मुलीची कंपासपेटी आणि माझा पासपोर्ट फोटो घेऊन बसलो. रुंदी २५ मिलिमीटर, उंची १२. भागाकार २.०८. म्हणजे अगदी पक्का कीचक. मुलगी म्हणाली, "बाबा, पट्टी वाकडी धरलीय." पुन्हा मोजलं तर उंची १३, आकडा १.९२. एका मिलिमीटरने मी सज्जनांच्या बाजूला सरकलो. आणि हनुवटी जरा खाली घेऊन फोटो काढला तर भुवया आणि ओठ जवळ येतात, आकडा आपोआप चढतो. मामांचं "मान खाली घाल" ते हेच.

सामन्याचा अहवाल समोर आहे. कारणाच्या रकान्यात मैदानावरच लिहून टाकलंय: 'आडदांड खेळ'. आडदांड हा शब्द खेळाला लावला की त्याच्या अंगकाठीला, कुणास ठाऊक. खाली वेगळ्या शाईने जोडलं: 'रेफरीने प्रत्यक्ष धक्का पाहिलेला नाही.' आयोजक त्याचं काय करतील ते करोत. या स्पर्धेत दोन पिवळी कार्डं म्हणजे पुढचा सामना बाहेर, आणि चार नंबरचं हे दुसरं होतं.

विंगर खेळणार आहे. गुरुवारी उपांत्य सामन्याची शिट्टीही माझ्याकडेच आहे.