आमची वाटचाल : नळाचा झटका आणि मोरीतला बल्ब

१९९६ ला पुण्यात सदाशिव पेठेत दोघांनी मिळून वायरिंगच्या कामाचं दुकान टाकलं, मी आणि माझा भागीदार. भांडवल म्हणाल तर हाताने फिरवायचा एक सेकंडहँड मेगर (वायरमधून करंट गळतो का ते तपासायचं यंत्र), दोन पकडी आणि त्याची लूना. वाड्यांमधून तेव्हा लाकडी पट्टीतलंच फिटिंग होतं, आत रबराची वायर, बोट लावलं की भुगा, आणि वर घरातल्याच कुणीतरी हौसेने मारलेले जोड. २००२ ला भागीदार वेगळा झाला आणि मागच्याच गल्लीत त्याने दुकान काढलं, आमचीच गिऱ्हाइकं घेऊन. त्यावर मी जास्त बोलत नाही.

२००४ च्या पावसाळ्यात मात्र बुडायचीच वेळ आली होती. एका वाड्यात काकूंच्या स्वयंपाकघराचं वायरिंग आम्ही नवीन केलं आणि दोन महिन्यांनी त्यांच्या नळाला करंट यायला लागला, तोही फक्त दिवेलागणीनंतर. आमच्या माजी भागीदाराने लगेच पेठभर केलं की ह्यांनी काम केलं की नळ पण चालू होतो! तीन कामं कॅन्सल झाली, दोघांनी बिलं अडकवली, एका पोऱ्याला सोडावं लागलं. वाडामालक तर अंगणात उभं राहून वाट्टेल ते बोलले. काकू तेवढ्या म्हणाल्या, तू ये, बघ, मी चहा टाकते.

आमच्या सर्किटला मेगर लावला, काटा एकदम ओके. टेस्टरवर माझा विश्वास नाही, तो उगाच पण पेटतो, म्हणून होल्डरला १०० वॅटचा बल्ब लावलेला टेस्ट लॅम्प काढला. फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, आणि नळात धरला, पेटलाच नाही, म्हणजे पाइप जमिनीपासून तुटलेला. मग न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, आणि नळात धरला तर मिणमिणता पेटला आणि त्याच क्षणी मागच्या मोरीतून आजोबा ओरडले, "अरे लाइट आली!"

पंधरा दिवस त्यांचा ६० चा बल्ब लागत नव्हता, दोनदा बदलून झाला होता, तरी रोज संध्याकाळी ते बटण दाबून ठेवायचेच. ते फिटिंग त्यांनी स्वतः केलेलं, न्यूट्रल न ओढता परतीची वायर सरळ नळाच्या पाइपला गुंडाळलेली. "एक वायर वाचली ना," वर हेही अभिमानाने. लोखंडी पाइप जमिनीत होता तोवर कुणाला काही कळलं नाही. प्लंबरने खालचा तुकडा पीव्हीसीचा टाकला, पाइपचा जमिनीशी जोड तुटला आणि बल्बमधून आलेला करंट नळावर येऊन बसला. माझ्या टेस्ट लॅम्पमधून त्याला परतीची वाट मिळाली, म्हणून तेवढ्यात आजोबांचा बल्ब पेटला. दोरीसारखी काळी पडलेली ती वायर मी सगळ्यांसमोर कापली आणि मालकांच्या हातात दिली. सॉरी कुणी म्हटलं नाही, भागीदार तर अजिबातच नाही.

पुढची वर्षं रोजचीच, काही सांगण्यासारखं नाही.

विचारलं नाही तरी सांगतो, एमसीबी, म्हणजे जास्त करंट आला की पडणारं बटण, वायरला वाचवते, माणसाला नाही. ३० मिलीअँपची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारं बटण, बसवा, आधी अर्थिंग तपासून घ्या, गीझरला ४ स्क्वेअर मिलिमीटरची वायर ओढा, अडीचवर भागवू नका. आणि जुन्या घरात प्लंबर येऊन गेला की एकदा वायरमनलाही बोलवा, खर्च चहापाण्याएवढाच.

काकू आता मुलाकडे कोथरूडला असतात. तिथे साधी ट्यूब बदलायची असली तरी मलाच फोन येतो, आणि मी अजूनही तो जुना टेस्ट लॅम्प पिशवीत घालूनच जातो.