तुम्ही विचारलंत म्हणून : कॅन्सरचं पॅकेज करू का?

"ताई, त्या पॅकेजमध्ये सगळे कॅन्सर कळतात ना?" हा प्रश्न मला नौपाड्यातल्या आमच्या लॅबच्या काउंटरवर विचारला जातो, कळव्याला आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात विचारला जातो आणि हळदीकुंकवालासुद्धा विचारला जातो. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये सायटोलॉजीचं काम करते, म्हणजे दिवसभर मायक्रोस्कोपखाली पेशी बघते. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा आणखी एक प्रश्न असतो, तो जरा दबक्या आवाजात येतो : काही होत नसताना सुखाचा जीव दुःखात कशाला घालायचा?

आधी पॅकेजचं. नाही, कळत नाहीत. रक्ताच्या एका नळीत सगळे कॅन्सर पकडणारी, आणि त्यामुळे माणसं वाचतात असं सिद्ध झालेली तपासणी आज तरी नाही. पॅकेजमध्ये असतात ते ट्यूमर मार्कर, म्हणजे कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारे पदार्थ : सीए-१२५, सीईए वगैरे. ज्याला कॅन्सर झालेला आहे त्याच्यावर उपचार लागू पडतायत का, हे बघायला ते उपयोगी. धडधाकट माणसाच्या बाबतीत ते दोन्हीकडून फसवतात. सीए-१२५ पाळीच्या दिवसांत वाढतो, फायब्रॉइडने वाढतो, पोटाच्या टीबीनेही वाढतो, आणि कॅन्सर अगदी सुरुवातीचा असेल तर पुष्कळदा नॉर्मल येतो. ब्रिटनमध्ये 2 लाखांहून जास्त बायकांवर याचा मोठा अभ्यास झाला. काहींची दरवर्षी सीए-१२५ ने किंवा सोनोग्राफीने तपासणी केली. 2021 मध्ये निकाल आला : अंडाशयाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत.

मानेची सोनोग्राफी फुकट मिळतेय म्हणून करून घेणाऱ्यांना मी दक्षिण कोरियाचं सांगते. तिथे कॅन्सरच्या इतर तपासण्यांच्या जोडीला थायरॉइडची सोनोग्राफी सर्रास सुरू झाली आणि 2011 मध्ये थायरॉइड कॅन्सरचं प्रमाण 1993 च्या 15 पट झालं. मृत्यूंचा आकडा होता तिथेच राहिला. ज्यांना त्या गाठीने जन्मात कधी त्रास झाला नसता, अशा हजारोंच्या गळ्यावर ऑपरेशनचा व्रण तेवढा आला.

लॅबमध्ये काम करून लॅबचंच पॅकेज घेऊ नका सांगते, म्हणून लोक चमकतात. पण ज्या तपासण्यांनी खरंच जीव वाचतात त्या स्वस्त आहेत, कंटाळवाण्या आहेत आणि त्यात रक्त काढावं लागत नाही. सरकारच्या कार्यक्रमात तिशीनंतर तीन धरल्या आहेत : तोंड सगळ्यांचं, आणि बायकांचे स्तन आणि गर्भपिशवीचं तोंड. ही मार्गदर्शक तत्त्वं 2016 ची. आशाताई दारावर येऊन तंबाखू खाता का, तोंडात न भरणारा छाला आहे का असं विचारून फॉर्म भरते, तो यासाठीच. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 30 ते 49 वयाच्या बायकांपैकी पिशवीच्या तोंडाची तपासणी आयुष्यात कधीही केलेल्या निघाल्या 1.9 टक्के. स्तन आणि तोंडाची तर एक टक्कासुद्धा नाही.

आता "काही होत नसताना" याचं उत्तर. माझ्या टेबलावर येते ती पॅप तपासणीची काचपट्टी. डॉक्टरांनी पिशवीच्या तोंडावरून ब्रश फिरवून पेशी काढलेल्या असतात आणि काच लगेच अल्कोहोलमध्ये बुडवलेली असते. वाऱ्यावर सुकली की पेशी फुगतात, मग काही खरं नाही. रंगवल्यावर भिंगाखाली पसरट पेशी दिसतात, काही गुलाबी, काही निळसर हिरव्या, आणि प्रत्येकीत केंद्रक म्हणजे मोहरीएवढा नीटस ठिपका. मी एका कडेपासून सुरू करते, आधीच्या पट्ट्यावर थोडं चढूनच पुढचा पट्टा घेते, म्हणजे मधलं काही सुटत नाही. आणि मध्येच एखादी पेशी अशी येते, की ठिपका मोठा, काळपट, कडा वेडीवाकडी. किंवा ठिपक्याभोवती पांढरं स्वच्छ वलय, ही एचपीव्हीची, म्हणजे पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची खूण. तिथे मी काचेवर पेनाने टिंब देते आणि काच पॅथॉलॉजिस्ट मॅडमकडे जाते.

ज्या बाईची ती काच, तिला काहीही होत नसतं. तिने सकाळी डबे भरलेले असतात, लोकलमध्ये उभं राहून प्रवास केलेला असतो. दुखत नाही, अंगावरून जात नाही. एचपीव्हीची लागण झाल्यापासून कॅन्सर व्हायला साधारण 15 ते 20 वर्षं लागतात, आणि तो सगळा काळ शरीर गप्प असतं. माझं टिंब पडतं ते त्या गप्प काळात. त्या वेळी कोल्पोस्कोपी म्हणजे भिंगातून पाहणी, बायोप्सी, आणि खराब झालेला थर जाळून किंवा तारेने कापून काढणं, एवढ्यावर भागतं. बहुतेक बाया त्याच दिवशी घरी जातात. त्रास सुरू झाल्यावर आलेल्या बाईला मात्र ऑपरेशन, रेडिएशन, केमो, सगळंच पुढे वाढून ठेवलेलं असतं.

माझ्या पोटावर पाय आणणारी एक गोष्टही सांगून टाकते. पॅपपेक्षा एचपीव्हीची तपासणी सरस आहे. हे सिद्ध झालं आपल्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये. 1 लाख 30 हजारांवर बायकांचा तो अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला : आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. एकदाच केलेल्या पॅपने किंवा व्हिनेगरच्या तपासणीने तसा ठोस फरक पडला नाही. जागतिक आरोग्य संघटनाही 2021 पासून एचपीव्हीच आधी करा म्हणते, तिशीपासून, दर 5 ते 10 वर्षांनी. खर्च मात्र पॅपपेक्षा बराच जास्त.

म्हणून व्हिनेगर टाकाऊ समजू नका. टाटा मेमोरियलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये 1998 पासून दीड लाख बायकांचा अभ्यास केला. डॉक्टर नव्हे, काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरच, लावायच्या, मिनिटभर थांबायच्या आणि पांढरा डाग उठतो का ते बघायच्या. तेच दर दोन वर्षांनी, चार फेऱ्या. मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. तीच तपासणी, पण पुन्हा पुन्हा केलेली. "मागे एकदा केलं होतं, नॉर्मल आलं होतं" म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते. एक पॅप नॉर्मल आला म्हणजे जन्माचा परवाना मिळाला असं नाही, तो तीन वर्षांनी परत करायचा.

त्याच अभ्यासात स्तनाची नुसत्या हातांनी तपासणी होत होती. 20 वर्षांनी हिशेब झाला तेव्हा गाठी लवकरच्या टप्प्यावर सापडलेल्या दिसल्या, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये मृत्यू 30 टक्क्यांच्या आसपास कमी. पन्नाशीआतल्यांमध्ये तसा फायदा दिसला नाही, हेही सांगायला हवं. मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे परवडत असेल तर चाळिशीनंतर डॉक्टरांशी बोलून जरूर करा. नसेल परवडत, तर अनुभवी हात म्हणजे काहीच नाही असं समजू नका.

तोंडाचं तर आणखी सोपं. टॉर्च, लाकडी पट्टी आणि बघणारा माणूस. केरळमधल्या मोठ्या अभ्यासात तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये अशा तपासणीने तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू 34 टक्क्यांनी कमी झाले होते. पण मिश्री लावणाऱ्या आमच्या मावश्या स्वतःला यात धरतच नाहीत. किसननगरहून येणारी एक आजी मला ठणकावून म्हणाली, "मी तंबाखू खात नाही गं, नुसती मिश्री लावते." दिवसातून तीनदा. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, आजी. तिला आ करायला सांगितलं तर तीन बोटं उभी जाईनात. गालाच्या आत हात लावला तर चामडं ताठ. तोंड उघडेनासं होणं, पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारा छाला, यातलं काही असेल तर ती तपासणीची वेळ नाही, डॉक्टरकडे जायची वेळ आहे. तसंच पाळी गेल्यावर परत अंगावरून जाणं आणि स्तनात हाताला लागणारी गाठ. ही दुखणी अंगावर काढू नका, पुढच्या शिबिराची वाट बघू नका.

ऐरोलीच्या ऑफिसांतल्या मुलींचं वेगळंच. कंपनीच्या वार्षिक तपासणीत पॅप असतो, पण त्या तेवढ्यावर काट मारतात, कारण लाज वाटते किंवा "माझ्यात तसलं काही नाही". एचपीव्ही संबंधांतून पसरतो खरा, पण तो इतका सर्रास आहे की त्यावरून कुणाच्या चारित्र्याचा पंचनामा करायचा तर निम्मं ठाणं पिंजऱ्यात उभं करावं लागेल.

"पिशवी काढलीय, आता काय?" हेही बऱ्याचजणी विचारतात. पिशवीबरोबर तिचं तोंडही काढलं असेल, आणि ते कॅन्सरसाठी किंवा त्याआधीच्या बदलांसाठी काढलं नसेल, तर पॅपची गरज नाही. जुनी ऑपरेशनची फाइल काढून डॉक्टरांना दाखवा. घरात आई, बहीण, मावशी यांना स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर वरचं वेळापत्रक तुमचं नाही. तुमचं लवकर सुरू होतं, तेही डॉक्टरांनाच विचारा.

रिपोर्ट बरोबर आला नाही की लोक एकदम परळला टाटाच्या रांगेत मनाने उभे राहतात. आधी जवळच्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा, बहुतेक वेळा पुढची पायरी ठाण्यातच होते. आणि पुढे गरज लागलीच, तर टाटाचंच केंद्र खारघरलाही आहे.

पॅप करायचा तर पाळी थांबल्यावर या, आदल्या दोन दिवसांत संबंध नको, आतून औषध नको. आणि आमच्या फॉर्मवर मोबाइल नंबर लिहाल तो स्वतःचा लिहा. "यांचाच लिहा, हेच बघतात सगळं" म्हणून नवऱ्याचा नंबर दिलेला असतो. रिपोर्ट त्यांच्या फोनवर जातो, ते मीटिंगमध्ये असतात, मग तो गुड मॉर्निंगच्या खाली जातो. आम्ही फोन केला तर "नॉर्मलच असेल ना?" म्हणून ठेवतात. काचेवर टिंब दिलेल्या बाईला आपल्याबद्दल काही कळलेलंच नसतं.