तुम्ही विचारलंत म्हणून : कारभार पोरांकडे, मग मोठे कशाला?

पालकसभेत, नाव घालायला आल्यावर, कधी पोवई नाक्यावर रस्त्यात थांबवूनसुद्धा साताऱ्यातले आईवडील आम्हाला एकच प्रश्न विचारतात. "तुमच्या स्काऊटमध्ये सगळं पोरंच करतात म्हणे. तेरा वर्षांचा संघनायक, तो सात जणांना घेऊन डोंगर चढणार, चूल पेटवणार. काही झालं तर?" आणि नव्याने मदतीला आलेले तरुण नेमकं उलटं विचारतात. "एवढे नियम पाळायचे, तर पोरांनी ठरवायचं काय?"

दोघांना उत्तर एकच आहे. काही गोष्टी आम्ही पोरांच्या मतावर कधीच सोडत नाही. त्यांची यादी छोटी आहे, लिहिलेली आहे, आणि आईबापांना आधी वाचायला दिलेली असते. त्या सोडून बाकी सगळं पोरांचं. तिथे आम्ही बोट घालत नाही. गडबड होते ती हे उलटं झालं की. कांदा किती बारीक चिरायचा हे मोठी माणसं सांगत बसतात, आणि नदीकडे कोण गेलं, रात्री कोणत्या तंबूत कोण झोपलं, याकडे कुणाचंच लक्ष नसतं. अशा शिबिरात शिस्त भरपूर दिसते, सुरक्षितता मात्र नसते.

ही दोन्ही टोकं स्काऊट चळवळीच्या सुरुवातीपासूनची आहेत. १९०७ च्या ऑगस्टमध्ये चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडातल्या ब्राऊन्सी बेटावर पहिलं शिबिर घेतलं, तेव्हा वीसेक मुलांचे चार संघ केले आणि प्रत्येक संघ एका मुलाच्या ताब्यात दिला. संघपद्धत तिथून आली. आणि पाचच वर्षांनी, १९१२ मध्ये, इंग्लंडात लेसडाऊनजवळ समुद्रात एक नाव वाऱ्याच्या झोताने उलटली आणि नऊ मुलं बुडाली. स्काऊटमास्तर स्वतः नावेत होते. मोठं माणूस सोबत आहे एवढ्याने पाणी थांबत नाही, हे तेव्हापासून माहीत आहे.

म्हणून यादीत पहिलं पाणी. माहुलीच्या संगमावर असो की कण्हेर, उरमोडीच्या जलाशयाकाठी, शिबिरात कुणी पाण्यात उतरत नाही. पोहता येतं का हा प्रश्नच आम्ही विचारत नाही, कारण साताऱ्याकडची बरीच पोरं विहिरीत पोहायला शिकलेली असतात आणि हीच पोरं धोक्यात येतात. विहिरीत तळ आणि काठ ओळखीचे असतात. धरणाच्या फुगवट्यात गाळ असतो, पाणी उतरलेलं असलं तरी काठ पायाखालून सरकतो, आणि दोन पावलांवर अचानक खोली लागते. खाली सांगलीकडे कृष्णेत मगरीही आहेत, भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात भांडी घासायलासुद्धा नदीवर जायचं नाही. पाणी बादलीने वर आणायचं, आणि ते आणणारे मोठे. वासोट्याला जाताना बामणोलीहून लाँचने जावं लागतं, तिथे जॅकेट काठावरच अंगात घालून पट्टे आवळायचे. मग दोन्ही खांद्यांना धरून जॅकेट वर ओढून बघायचं. ते हनुवटीवर आलं तर माप मोठं आहे. पाण्यात ते मुलाच्या डोक्यावरून निघून जाईल.

दुसरी गोष्ट मोठ्यांच्या वागण्याची. ही पोरांच्या हातात देताच येत नाही, कारण नियम आमच्यावर आहे. कोणतंही मोठं माणूस कोणत्याही मुलासोबत बंद दाराआड किंवा नजरेआड एकटं नसतं. कान उपटायचा असो की रडणाऱ्याला समजवायचं असो, बोलणं इतरांना दिसेल अशा जागी होतं. शिबिराला किमान दोन प्रशिक्षित मोठे, गाईडच्या मुली असतील तर बाई कॅप्टन असल्याच पाहिजेत. मोठ्यांचे तंबू वेगळे, आंघोळीच्या वेळा वेगळ्या, मुलांशी रात्री खाजगी मेसेज नाहीत. एखाद्या मुलाने काही सांगितलं तर "आधी आपण चौकशी करू" म्हणायचं नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) अशी माहिती पोलिसांपर्यंत पोचवणं बंधनकारक आहे, आणि मुलांसाठीचा १०९८ हा नंबर प्रत्येक मुलाला पाठ असतो. आम्हाला न विचारता फिरवायचा, हेही सांगून ठेवलेलं असतं.

याच्याच पोटात एक बाब येते, तिच्याकडे फार थोडे लोक बघतात. नायकपद दिलं म्हणजे शिक्षा करायचा अधिकार दिला असं पोरं समजतात. उठाबशा, जेवण उशिरा देणं, धाकट्याकडून आपलं ताट घासून घेणं, हे सगळं शिबिरातल्या दुसऱ्या रात्री सुरू होतं, कारण तोवर सगळे दमलेले आणि चिडलेले असतात. संघनायकाला शिक्षेचा अधिकार शून्य. कुणी ऐकत नसेल तर त्याने ते संघनायकांच्या सभेत मांडायचं. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही सगळ्यात लहान मुलाशेजारी जेवायला बसतो. त्याच्या पानात काय पडलं यावरून बरंच कळतं.

आता पोरांचा कारभार. त्यातली सहल सविस्तर सांगतो, कारण पालकांची भीती तिथेच असते.

यवतेश्वर किंवा कल्याणगडाची एक दिवसाची सहल तीन आठवडे आधी सुरू होते. संघनायक एकत्र बसतात आणि कागदावर लिहितात : कुठे, कोणत्या वाटेने, किती वाजता निघायचं, पाणी कुठे मिळेल, आणि किती वाजता काही झालं तरी माघारी वळायचं. ही शेवटची वेळ सगळ्यात महत्त्वाची. वर पोचलो नसलो तरी वळायचं. योजना वाचून आम्ही फक्त प्रश्न विचारतो. एसटी चुकली तर? एकाचा पाय मुरगळला तर त्याच्याजवळ कोण थांबेल आणि खाली कोण येईल? उत्तर नसेल तर कागद परत. उत्तर आम्ही देत नाही, नाहीतर ती योजना आमची होते आणि डोंगरावर पोरं दर दहा मिनिटांनी आमच्या तोंडाकडे बघत राहतात. आठवडाभर आधी दोन मोठे आणि सगळे संघनायक त्याच वाटेने जाऊन पाहणी करतात. ऐन वेळी नवी वाट धरायची नाही.

पाहणीत आम्ही त्यांना मुद्दाम कड्यांकडे बघायला लावतो. आग्या मोहोळ दिसलं का? किती दूर? वाट त्याच्या खालून जाते का? किल्ल्यांवर माश्यांचे हल्ले बहुधा चार कारणांनी होतात : धूर, अत्तर किंवा बॉडी स्प्रे, दगड आणि आरडाओरडा. ही चार कारणं पोरांनीच स्वतःच्या संघाला सांगायची असतात. माश्या उठल्याच तर हात झटकायचे नाहीत, स्कार्फने तोंड झाकून ज्या वाटेने आलो त्याच वाटेने भराभर दूर जायचं, पाण्यात उडी टाकायची नाही. लांब गेल्यावर काटे नखाने किंवा कार्डाच्या कडेने लगेच खरवडून काढायचे. ओठ सुजले, अंगावर गांध्या उठल्या, श्वास लागला, तर तिथे उपचार करत बसायचं नाही. १०८ आणि थेट दवाखाना.

एप्रिल-मेमध्ये वळवाचा धोका असतो. दुपारनंतर ढग भरून येतात, म्हणून उन्हाळ्यात एक वाजेपर्यंत माथा सोडलेला असला पाहिजे. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत तीस आकडे मोजून झाले नाहीत तर ती जवळ आहे. धारेवरून उतरायचं, एकट्या झाडाखाली उभं राहायचं नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास हलायचं नाही. ढग बघायचं काम आम्ही एका मुलाला नेमून देतो. दर अर्ध्या तासाने त्याने नायकाला सांगायचं. चौदा वर्षांचा मुलगा हे काम मोठ्या माणसापेक्षा नीट करतो, कारण त्याचं लक्ष फोनमध्ये नसतं.

हजेरीचं वेगळं सांगायला हवं. मोठ्यांनी सारखी डोकी मोजली की नायक मोजायचं सोडतात, आणि मग एखाद्या वळणावर मोठ्यांना वाटतं नायकाने मोजली असतील, नायकाला वाटतं सरांनी. मूल मागे राहतं ते याच फटीतून. म्हणून मोजणी संघनायकाची, आणि तीही नावाने. नुसता आकडा फसवतो. आठ भरतात, पण त्यातला एक शेजारच्या संघातला असतो. प्रत्येक मूल जोडीत, जोडीदार दिसत नसेल तर हाक मारणं हे त्याचं काम. चालताना सगळ्यात संथ मूल पुढून दुसरं, शेवटी उपनायक, त्याच्या मागे एक मोठा. गाडीत चढताना, हायवे ओलांडल्यावर, माथ्यावर आणि परत गाडीत, इतक्या वेळा नायक येऊन "संघ पूर्ण" असं सांगतो. आम्ही आमची मोजणी फक्त निघताना आणि परतताना करतो, त्याचं ऐकून झाल्यावर.

आणि सगळ्यांना लागू असा एक नियम : "जाऊया" म्हणायला सगळे लागतात, "थांबूया" म्हणायला एक पुरतो. तो एक सगळ्यात लहान मुलगा असला तरी चालतो. शिट्टी प्रत्येकाकडे असते. आखूड-लांब, आखूड-लांब अशी वाजली की धोका, आणि ती कुणीही वाजवावी. कारण नसताना वाजवली म्हणून आजवर कुणाला रागावलेलो नाही, रागावणारही नाही. एकदा रागावलं की पुढच्या वेळी खरं कारण असतानाही ती वाजणार नाही.

स्वयंपाक पूर्णपणे पोरांचा. आठ जणांना किलोभर तांदूळ आणि अर्धा किलो डाळ पुरते. विस्तव कुठे करायचा हे मात्र आम्ही दाखवतो. कासच्या पठारावर आणि वनखात्याच्या हद्दीत तो नाहीच. इतरत्रही फेब्रुवारीनंतर वाळलेलं गवत एका ठिणगीने पेटतं, म्हणून चुलीभोवती दहा फूट जमीन खरवडून साफ, शेजारी एक बादली पाणी, एक बादली माती. चुलीला ओढ्यातले दगड घ्यायचे नाहीत, आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात. गॅस असेल तर रेग्युलेटर मोठ्यांनी लावायचा आणि साबणाच्या पाण्याने जोड तपासायचा. भाजतं बहुतेक वेळा विस्तवाने नाही. पातेलं उतरवताना आणि पेज गाळताना भाजतं, आणि शेजारून कुणीतरी पळत गेल्यामुळे. त्यासाठी चुलीच्या आवारात पळायचं नाही, सुती कपडे, स्कार्फ काढून ठेवलेला, पातेल्याला दोघं. भाजलंच तर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नाही.

चाकू-कोयत्याबद्दल शहरातले पालक घाबरतात, गावाकडचे हसतात. कोरेगाव-जावळीकडची पोरं घरी कोयता वापरतच असतात, पण सवय झालेली असल्यामुळे शेजारी कोण उभं आहे हे बघत नाहीत. सरळ हाताने गोल फिरून कुणाला स्पर्श होत नाही ना, हे बघूनच पातं उघडायचं. देताना मूठ पुढे, आणि घेणाऱ्याने "धरला" म्हटल्याशिवाय सोडायचा नाही. ज्यांना आपल्या मुलाने चाकू धरू नये असं वाटतं त्यांनी लिहून द्यावं, आम्ही ते पाळतो आणि त्या मुलाला इतरांसमोर त्यावरून बोलत नाही.

मग आम्ही मध्ये पडतो केव्हा? तीन गोष्टी बघतो. कुणाला गंभीर इजा होईल का, झालेली चूक परत सुधारता येईल का, आणि चूक होतेय हे नायकाला दिसलंय का. भात करपला, तंबूत पाणी शिरलं, वाट चुकून पंधरा मिनिटं ओसाड शेतातून चालावं लागलं, तर हात मागे बांधून उभं राहायचं. हे फार जड जातं. नव्या कार्यकर्त्यांपैकी निम्म्यांना पहिल्या शिबिरात जमत नाही, ते डाव हातात घेतातच. चुकलेली वाट कड्याकडे जात असेल तर मात्र ताबडतोब "थांबा", मोठ्याने, सगळ्यांसमोर. पुढची चर्चा नायकाला बाजूला घेऊन, हळू आवाजात, पण इतरांना दिसेल असं उभं राहून. सगळ्यांदेखत त्याची चूक काढली तर त्या दिवसापुरतं त्याचं नायकपण संपतं, आणि त्याच्या संघाची हजेरीही संपते, कारण पोरं त्याचं ऐकेनाशी होतात.

अर्थात, नायकाला हे सगळं आधी शिकवलेलं असावं लागतं. आमच्यात सगळे संघनायक मिळून एक संघ होतो आणि स्काऊटमास्तर त्याचा नायक. जे ते संघाला शिकवणार, ते आधी त्यांनी आमच्यासोबत केलेलं असतं. ओआरएस संपलं तर लिटरभर पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. साप चावला तर अंग स्थिर ठेवायचं, कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, आणि सर्पविषावरचं इंजेक्शन असलेल्या दवाखान्याचं नाव निघायच्या आधीच वहीत लिहिलेलं असलं पाहिजे. न शिकवता अधिकार देणं म्हणजे मुलाला वाऱ्यावर सोडणं.

तुमच्याकडून आम्हाला एकच गोष्ट हवी असते : संमतिपत्र खरं भरा. दमा, फिट, कशाची ॲलर्जी, झोपेत चालणं, अंथरूण ओलं होणं, हे लपवलं जातं, मुलाला नेणार नाहीत या भीतीने. आम्ही नेतो. दम्याचा पंप मुलाच्याच खिशात राहतो, सरांच्या बॅगेत नाही, आणि जोडीदाराला तो कसा वापरायचा ते माहीत असतं. फिट येणाऱ्या मुलाला चुलीवर आणि कड्याच्या बाजूला काम देत नाही, बाकी सगळं देतो. अंथरुणाची गोष्ट एकाच मोठ्या माणसाला कळते, सुकी चादर कुणाला न दिसता बदलली जाते. गोळ्या चिठ्ठीसह, मूळ पाकिटात, वेळ लिहून द्या. फोन नंबर दोन द्या, आणि दुसरा असा द्या की जो रात्री दोन वाजता उचलला जाईल.