यकृतात पसरलेला कर्करोग आणि इम्युनोथेरपीचा आग्रह

मामांच्या मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतात पसरल्याचे कळले, तेव्हा भांडुपची खोली विकावी लागली तरी चालेल पण इम्युनोथेरपीच (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारी औषधे) घ्यायची, असा आग्रह घरात जवळजवळ सर्वांनी धरला. उत्तर मात्र बायोप्सीच्या रिपोर्टमधल्या एका ओळीत होते: एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६ ही चारही प्रथिने शाबूत. म्हणजे पेशींमधील डीएनए-दुरुस्तीची यंत्रणा चालू आहे, गाठीत जनुकीय बदल तुलनेने कमी आहेत आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीला ती गाठ सहसा परकी वाटत नाही. आतड्याचा कर्करोग इतरत्र पसरलेल्या सुमारे ९५ टक्के रुग्णांमध्ये हेच आढळते, आणि त्यांचा मुख्य आधार आजही कीमो, लक्ष्यवेधी औषधे (कर्करोगाच्या पेशींमधील ठरावीक घटकांवर नेम धरणारी) व शक्य असेल तेथे यकृताची शस्त्रक्रिया हाच आहे. उरलेल्यांना इम्युनोथेरपी कीमोपेक्षा सरस ठरते, तीही कीमो न जोडता. कीनोट-१७७ या चाचणीने २०२० मध्ये हे दाखवून दिले.

फुप्फुसातून यकृतात गेलेल्या कर्करोगाची गोष्ट निराळी. आतड्यातून येणाऱ्या रक्तातील असंख्य परक्या पदार्थांशी यकृताचा रोजचा संबंध असल्याने तेथील प्रतिकारशक्ती मुळातच सबुरीने वागते. शिवाय यकृतातील गाठींजवळच्या मॅक्रोफेज (प्रतिकारशक्तीच्याच एका प्रकारच्या) पेशी कर्करोगाशी लढणाऱ्या टी-पेशींनाच नष्ट करतात, असे २०२१ मध्ये उंदरांवरील संशोधनात दिसले. म्हणून अशा रुग्णांत नुसती इम्युनोथेरपी अनेकदा तोकडी पडते. कीमोने गाठ आकसते आणि मरणाऱ्या पेशींतील प्रथिने प्रतिकारशक्तीपुढे उघडी पडतात, हा दोन्ही उपचार एकत्र देण्यामागचा विचार आहे. फुप्फुसाच्या कर्करोगावरील कीनोट-१८९ चाचणीत पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध आणि कीमो यांच्या जोडीचा फायदा यकृतात प्रसार झालेल्यांनाही मिळाला.

या जोडीत एसजीपीटी (यकृताला इजा झाल्यावर रक्तात वाढणारे एन्झाइम) वाढले, तर दोष कीमोचा, इम्युनोथेरपीमुळे यकृताला आलेल्या सुजेचा की वाढत्या गाठीचा, हे ठरवणे कठीण असते, आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. त्यामुळे औषधाच्या प्रत्येक फेरीआधीची (सायकलआधीची) रक्ततपासणी कोणीही टाळू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

खर्चाचा प्रश्न उरतोच. परळच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोके-मानेच्या कर्करोगात नेहमीच्या २४० ऐवजी अवघे २० मिलिग्रॅम निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध तोंडाने घ्यायच्या औषधांसोबत दिले, तेव्हा वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १६ वरून ४३ टक्क्यांवर गेले. हा निष्कर्ष मामांच्या आजाराला लावता येत नाही. पण यकृतात पसरलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगासाठी अशा कमी मात्रेच्या चाचण्या आपल्याकडे व्हायलाच हव्यात.