तुम्ही विचारलंत म्हणून: एकच दिवस शेक का?

"मॅडम, शेजारच्या खाटेवरच्यांना तेहतीस दिवस शेक आणि आमच्या वडिलांना एकच दिवस. आमचं पिवळं रेशनकार्ड आहे म्हणून का?"

मी कॅन्सरच्या रुग्णांना शेक, म्हणजे किरणांचे उपचार (रेडिएशन), देणारी डॉक्टर. पंधरा-सोळा वर्षं हा प्रश्न ऐकतेय. ओपीडीच्या दारात, फोनवर, एकदा तर नात्यातल्या लग्नाच्या पंगतीत. दर वेळी उत्तर देते आणि दर वेळी समोरच्याच्या चेहऱ्यावर दिसतं की पटलेलं नाही. म्हणून आज बसून लिहितेय.

कार्डाचा काही संबंध नाही. ज्यांना तेहतीस दिवस देतो, त्यांचा आजार मुळातून काढायचा असतो. घशाच्या कॅन्सरला 66 ते 70 ग्रे डोस लागतो; ग्रे हे किरणांच्या डोसाचं माप. तेवढा एका दमात दिला तर जबडा, लाळेच्या ग्रंथी, मज्जारज्जू काहीच धड राहणार नाही. म्हणून रोज 2 ग्रे द्यायचे आणि उद्यापर्यंत चांगल्या पेशींना सावरायला वेळ द्यायचा. हाडांत पसरलेला आजार सहसा शेकाने बरा होत नाही. तिथे मागणं एवढंच असतं की दुखणं कमी व्हावं, आणि त्यासाठी बहुतेक वेळा 8 ग्रे एकदाच देऊन भागतं. 1999 साली नेदरलँड्समधल्या 1171 रुग्णांच्या चाचणीचे निकाल आले. एक दिवस शेक घेतलेल्यांना आणि सहा दिवस घेतलेल्यांना आराम सारखाच पडला होता. एक दिवसवाल्यांना पुन्हा शेक द्यावा लागण्याचं प्रमाण मात्र जास्त होतं, चौघांतल्या जवळपास एकाला. त्यातही थोडा वाटा डॉक्टरांचा होता. एकदाच दिलाय म्हटल्यावर पुन्हा द्यायला त्यांचा हात लवकर पुढे होत होता.

हे सगळं मला 2011 मध्येही माहीत होतं. तरी मी दहा दिवस लिहायचे.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. वसमतकडचे एक आजोबा आले. फुप्फुसाचा कॅन्सर, खुब्याच्या हाडात उतरलेला. सोबत धाकटा मुलगा. घरी हळद काढणीला आलेली, आणि हे दोघे धर्मशाळेत. मी फाइलवर 30 ग्रे, दहा दिवस असं लिहिलं. मशीनवर जागा होती. माझे सीनियर तसंच लिहायचे. आणि खरं सांगायचं तर एकाच दिवसात माणसाला परत पाठवणं मला हात झटकण्यासारखं वाटायचं. दहा दिवस म्हणजे दहा वेळा आपण काहीतरी केलं.

बुधवारी सुरू केलं. शेक स्वतः दुखत नाही, मशीन दोन-तीन मिनिटांत थांबतं. दुखतं ते स्ट्रेचरवरून टेबलावर घेताना. चार जणांनी चादरीची टोकं धरायची, एक-दोन-तीन म्हणायचं आणि उचलायचं. टेबल कडक असतं, गादी घालता येत नाही, कारण रोज पाय अगदी त्याच जागी यायला हवा. मांडीवर शाईच्या फुल्या असतात, त्यांवर लाल रेषा जुळवायची. आजोबा उचलायच्या आधी उपरण्याचं टोक दातांत धरायचे. उपरण्याला हळदीचा जुना डाग होता, तोच कोपरा रोज तोंडात. ओरडले एकदाही नाहीत. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून टेक्निशियन चादर हातात घ्यायच्या आत उपरणं तोंडात गेलेलं असायचं.

सहाव्या दिवशी म्हणाले, "बाई, अजून किती?" मी म्हटलं, चार. म्हणाले, "घरी हळद शिजाया लागली असंल."

मी हसून म्हटलं, झालंच की आता. ते हसू मला अजून आठवतं.

शुक्रवारी आठवा शेक झाला. रविवारी रात्री धर्मशाळेत ते गेले. सोमवारी मुलगा फाइलवर सही घ्यायला आला. उभाच राहिला. म्हणाला, "मॅडम, राहिलेल्या दोन दिवसांनी काही फरक पडला असता का?" मी म्हटलं, नाही. थोडा वेळ थांबून त्याने विचारलं, "मग आधीच्या आठांनी?"

शेकाचा पुरता गुण यायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. तेवढे दिवस त्यांच्याकडे बहुधा नव्हतेच, आणि फाइल नीट वाचली असती तर ते मला दिसलं असतं. दिसलं नाही, कारण मी हाड बघत होते. एकदाच शेक देऊन, गोळ्या लिहून देऊन मी त्यांना गुरुवारी गाडीत बसवू शकले असते.

तेव्हापासून मी एक दिवस लिहायला लागले. दुखण्यासाठी, थकलेल्या माणसासाठी, लांबून येणाऱ्यासाठी. तुम्ही विचारता तेव्हा मी जरा तावातावाने बोलते, त्यामागे ते उपरणं आहे.

पण एक दिवस कमी पडतो हा तुमचा संशय अगदीच बिनबुडाचा आहे असंही म्हणवत नाही. दोन वर्षांपूर्वी परभणीकडच्या एक बाई आल्या. स्तनाचा कॅन्सर, मांडीच्या हाडात गेलेला. हाडाची बाहेरची भिंत तीन सेंटीमीटरपेक्षा जास्त लांब पोखरलेली असेल तर ते मोडायची भीती मोठी, अशा वेळी आधी ऑपरेशन करून रॉड घालतात. मी मोजलं तेव्हा अडीच भरलं होतं. एक दिवस शेक दिला, काठीशिवाय चालू नका म्हणून बजावलं. दुखणं छान कमी झालं. दोन महिन्यांनी चुलीपुढून उठताना हाड मोडलं. लेकीने फोनवर विचारलं, "दहा दिवस दिले असते तर?" त्या डच चाचणीतही एक दिवसवाल्यांत हाड मोडलेले थोडे जास्त होते, हे मला माहीत होतं. मी तिला म्हटलं, सांगता येत नाही. ते खरंच आहे. पण फोन ठेवल्यावर मी ते जुनं माप पुन्हा काढून पाहिलं, आणि नंतरही दोनदा पाहिलं.

रॉड घातल्यावर बाई पुन्हा शेकासाठी आल्या. या वेळी मी पाच दिवस लिहिले. पाचच का, हे लेकीने विचारलं नाही. तिने विचारावं म्हणून मी पेन हातात धरून जरा थांबले होते.