गर्भपिशवी काढण्याआधीची तपासणी

कागल तालुक्यातील चाळिशीच्या एक बाई पॅप स्मिअरचा, म्हणजे गर्भाशयमुखावरच्या पेशी काचपट्टीवर घेऊन केलेल्या तपासणीचा, अहवाल घेऊन कोल्हापुरात राजारामपुरीतील आमच्या प्रयोगशाळेत आल्या. अहवाल मीच लिहिला होता. कुठल्याशा दवाखान्यात त्यांना गर्भपिशवी काढण्याची तारीखही मिळाली होती. "मॅडम, पिशवी काढल्याबिगर भागत न्हाई काय ओ?" एवढेच त्यांना विचारायचे होते.

ती काचपट्टी मला चांगली आठवत होती. गर्भाशयमुखाच्या वरच्या थरातील निरोगी पेशी पसरट असते आणि तिचे केंद्रक लहान असते. इथे मात्र लहान पेशींचे पुंजके होते, त्यांची गडद, वेड्यावाकड्या कडांची केंद्रके जवळजवळ सगळी पेशी व्यापून बसलेली होती. नमुना तत्काळ अल्कोहोलमध्ये बुडवला नाही तर पेशी वाळतात, केंद्रके फुगीर दिसतात आणि निदान डळमळते. ही पट्टी करणाऱ्या परिचारिकेचे काम इतके चोख होते, की 'एचएसआयएल', म्हणजे उच्च दर्जाचा बदल, असे लिहिताना मला शंका उरली नाही.

पण स्मिअर ही चाळणी आहे, निदान नव्हे. पुढची पायरी कोल्पोस्कोपीची: गर्भाशयमुखावर सौम्य ॲसेटिक ॲसिड लावले की दोषी भाग पांढरा होतो, भिंगातून तो पाहून तिथलाच तुकडा बायोप्सीसाठी घेतात. ती पायरी गाळून थेट पिशवी काढणे मला धोक्याचे वाटते, कारण आत कर्करोग दडलेला असेल तर साधी शस्त्रक्रिया अपुरी पडते, आणि नसेल तर एवढ्या मोठ्या शस्त्रक्रियेची गरज बहुधा नसतेच. सौम्य बदल, म्हणजे 'एलएसआयएल', तर बहुतेक वेळा आपोआप ओसरतो. त्यासाठीही पिशवी काढलेल्या बायका मी पाहिल्या आहेत आणि त्याचा मला संताप येतो.

मी त्यांना खुर्चीवर बसवून कागदावर चित्र काढून हे सारे सांगितले आणि कोल्पोस्कोपी करणाऱ्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ मैत्रिणीकडे पाठवले. बायोप्सीत 'सीआयएन ३' निघाले, म्हणजे कर्करोगापूर्वीचा तीव्र बदल, पण कर्करोग नव्हे. विद्युत तारेच्या वेटोळ्याने दोषी भाग काढण्याची 'लीप' ही छोटी शस्त्रक्रिया झाली. तो तुकडा माझ्याकडेच तपासायला आला. त्याच्या कडा स्वच्छ होत्या, म्हणजे कडांवर दोषी पेशी नव्हत्या.

रुग्णाशी उपचारांबद्दल बोलणे पॅथॉलॉजिस्टचे काम नाही, अहवाल डॉक्टरकडे जातो आणि समजावणे त्यांच्याकडे, असे एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला नंतर सुनावले. ही रीत मला ठाऊक आहे आणि ती एरवी योग्यही आहे; पण समजावणारा कोणीच नसेल तर त्या बाईंनी तो प्रश्न कोणाला विचारायचा होता, याचे उत्तर त्यांनी दिले नाही. लीपनंतरही एचपीव्हीची, म्हणजे हे बदल घडवणाऱ्या विषाणूची, तपासणी आणि पुढे अनेक वर्षांची देखरेख लागते. पहिली तपासणी सहा महिन्यांनी आहे. ती तारीख मी त्या बाईंच्या फायलीवर मराठीत, ठळक अक्षरांत लिहून दिली आहे.